हौद्यातला वारा

१९६० च्या सप्टेंबरात जॉन स्टाइनबेक हा अमेरिकी कादंबरीकार न्यूयॉर्कजवळच्या लाँग आयलंडवरून आपलाच देश पुन्हा एकदा पाहायला निघाला. वाहन होतं जीएमसी कंपनीचा पिकअप ट्रक, त्याच्या हौद्यावर बसवलेली छोटीशी खोली, आणि सोबतीला चार्ली नावाचा मोठ्या चणीचा पूडल. डॉन किहोटे या कादंबरीतल्या नायकाच्या घोड्यावरून त्याने गाडीचं नाव ठेवलं होतं रोसिनांते. परतीच्या वाटेवर कॅलिफोर्नियातलं मोहावी वाळवंट लागलं. चार्ली मागच्या खोलीत नाही, पुढे मालकाशेजारीच बसायचा. तरीही तिथे त्याची अवस्था वाईट झाली. धापांनी सगळं अंग हिसके देत होतं, जीभ वीतभर बाहेर लोंबत होती. स्टाइनबेकने गाडी रस्त्याच्या कडेला घेतली. गाडीत ११४ लिटरची पाण्याची टाकी होती. त्यातलं पाणी कुत्र्याला पाजण्याआधी त्याने त्याच्या अंगावर ओतलं, आणि मग स्वतःच्याही. हवा इतकी कोरडी, की भर उन्हात अंगावर शिरशिरी आली. १९६२ साली आलेल्या त्याच्या प्रवासवर्णनात हा प्रसंग दोन-चार ओळींत येऊन जातो. पण पिकअपमधून कुत्र्याला घेऊन उन्हाळ्यात लांबचा प्रवास करणाऱ्याला जे कळायला हवं, त्यातलं बरंचसं त्या दोन-चार ओळींत आहे.

अमेरिकेत पिकअप ही घरची गाडी असते. फोर्डची एफ-मालिका १९७७ पासून तिथला सर्वांत जास्त खपणारा ट्रक आहे, आणि त्यातले कितीतरी ट्रक विटा-सिमेंट क्वचितच पाहतात. पुढे पाच जणांची केबिन, मागे साडेपाच ते आठ फूट लांबीचा पत्र्याचा उघडा हौदा, शेवटी खाली पडणारा फाळका. या उघड्या हौद्यात कुत्रा उभा करून हायवेवर गाडी हाणणं हे तिथल्या खेड्यापाड्यांतलं जुनं दृश्य. वळणावर तोल जाऊन कुत्री खाली पडतात, उडालेला खडा डोळ्यात जातो. म्हणून कॅलिफोर्नियाच्या वाहन कायद्यात कलम २३११७ आहे: हौद्याला ४६ इंच उंचीचे कठडे हवेत, नाहीतर कुत्रा घट्ट बसवलेल्या पिंजऱ्यात किंवा दोन्ही बाजूंनी बांधलेला हवा.

या सगळ्यावरचा सोयीचा उपाय म्हणजे हौद्यावर बसवायचं झाकण. फायबरग्लासचं किंवा ॲल्युमिनियमचं, केबिनच्या टपाइतकं उंच, दोन्ही बाजूंना सरकत्या काचा आणि मागे वर उचलायची काच. त्याला टॉपर म्हणतात, कॅम्पर शेल म्हणतात, सिॲटलच्या बाजूला कॅनपी म्हणतात. शिकारी, मेंढपाळ, कुत्र्यांच्या प्रदर्शनाला गावोगाव फिरणारी मंडळी, सुट्टीला निघालेली कुटुंबं, सगळ्यांची कुत्री या टपाखाली प्रवास करतात. पडण्याची भीती गेली, पावसाची गेली. पण झाकण बसल्याबरोबर हौद्याचं हवामान बाहेरच्या हवामानापासून वेगळं झालं, आणि ते हवामान सांभाळायची जबाबदारी गाडी चालवणाऱ्यावर आली. (हौद्याच्या कडेला समतल बसणारं एक चपटं झाकणही मिळतं. ते सामानासाठी आहे. त्याखाली कुत्रा कधीच ठेवू नये; त्यावर चर्चासुद्धा नको.)

हे हवामान कसं असावं, ते कुत्र्याचं शरीर ठरवतं. ते शरीर फार नवलाचं आहे.

कुत्र्याला घाम येतो, पण कामाचा घाम फक्त पंजांच्या गाद्यांना. बाकी अंगावर केसांचा थर. आपल्याला उकडलं की सगळी कातडी ओली होते आणि वारा लागला की निवते. कुत्र्याच्या वाट्याला तेवढी ओली जागा नाही. त्याची ओली जागा आत आहे: नाकाच्या पोकळीतल्या गुंडाळलेल्या पापुद्र्यांवर, तोंडात आणि जिभेवर. सगळी उष्णता तिथून बाहेर काढायची, तीही श्वासाच्या वाऱ्याने. निरोगी कुत्र्याच्या अंगाचं तापमान ३८.३ ते ३९.२ अंश सेल्सिअस असतं. ४१ च्या वर गेलं की अवयवांना इजा व्हायला लागते. म्हणजे हाताशी जेमतेम दोन अंश.

धापणाऱ्या कुत्र्यासमोर जरा बसून पाहा. आधी तोंड किंचित उघडतं, जिभेचं टोक दातांच्या रांगेवर येतं. उष्मा वाढला की जीभ लांबते आणि टोकाशी पसरट होते, कडा वर वळतात, गुलाबी रंग गडद होतो, कारण तिथल्या रक्तवाहिन्या फुगून रक्त पृष्ठभागाजवळ आलेलं असतं. छाती भरून श्वास चाललाय असं मुळीच दिसत नाही. उथळ, भराभर, एका लयीत. विश्रांतीत मिनिटाला वीस-तीस असणारे श्वास एकदम तीनशेच्या पुढे जातात. मधली पायरी जवळजवळ नाहीच.

असं का, याचा छडा १९६२ साली यूजीन क्रॉफर्ड या संशोधकाने लावला. छाती, फुप्फुसं आणि श्वासपटल यांना मिळून एक स्वाभाविक लवचीक लय असते. झोपाळा त्याच्या स्वतःच्या लयीत असला की बोटाच्या धक्क्याने चालतो. भलत्या लयीत हलवायला गेलं तर घाम फुटतो. क्रॉफर्डने मोजलं तेव्हा कुत्र्याच्या छातीची ही लय सेकंदाला पाचाहून थोडी जास्त निघाली, आणि धापण्याचा वेगही नेमका तोच. त्यामुळे स्नायूंना कष्ट फार थोडे पडतात. ही लय नसती तर धापण्याच्या मेहनतीनेच इतकी उष्णता तयार झाली असती की थंड होण्याची गोष्ट दूर राहिली असती. श्वास उथळ असण्यालाही अर्थ आहे. वारा नाकातोंडातच खेळतो, फुप्फुसांच्या तळाशी फारसा पोचत नाही, म्हणून रक्तातला कार्बन डायऑक्साइड प्रमाणाबाहेर धुतला जात नाही.

पुढचा टप्पा १९७० चा. वाळवंटातल्या उंटांवरच्या कामासाठी प्रसिद्ध असलेले क्नुट श्मिट-नील्सन अमेरिकेतल्या ड्यूक विद्यापीठात होते. त्यांनी आणि सहकाऱ्यांनी दाखवलं, की धापणारा कुत्रा हवा बहुतेक नाकाने आत घेतो आणि तोंडाने बाहेर टाकतो. हवा नाकानेच परत बाहेर गेली, तर येताना घेतलेली उष्णता आणि ओल जाताना नाकातच परत ठेवून जाते. तोंडाने सोडली की दोन्ही कायमच्या बाहेर. किती हवा नाकाने सोडायची आणि किती तोंडाने, हे बदलून कुत्रा किती थंड व्हायचं ते ठरवतो. दोनच वर्षांनी कळलं, की नाकाच्या बाजूची एक ग्रंथी उष्मा वाढेल तसं जास्त पाणी नाकात सोडते. बाष्पीभवनासाठी लागणारा पाणीपुरवठाही आतूनच होतो. आणि १९७७ मध्ये मेरी ॲन बेकर आणि लॉइड चॅपमन यांनी धावणाऱ्या कुत्र्यांचा मेंदू अंगातल्या रक्तापेक्षा थंड राहतो हे मोजून दाखवलं. नाकातोंडात निवलेलं रक्त कवटीच्या तळाशी मेंदूकडे जाणाऱ्या रक्ताला भेटतं आणि त्याची उष्णता घेतं.

इतकी देखणी रचना, पण तिची एक अट आहे: आत येणारी हवा पाणी शोषायला तयार पाहिजे. ओल आधीच भरलेली असेल तर मिनिटाला तीनशे श्वास घेऊनही पदरात काही पडत नाही. हौद्यातल्या थंडाव्याचा विचार इथून सुरू करायचा असतो. बहुतेक जण थर्मामीटरपासून सुरू करतात आणि ओलीकडे पाहतच नाहीत.

एक ढोबळ हिशेब मांडतो. तीस किलोचा कुत्रा जागा पण निवांत असेल तर साधारण साठ वॅट उष्णता सोडतो. ती सगळी बाष्पीभवनाने काढायची, तर एक ग्रॅम पाणी उडताना सुमारे २.४ किलोज्यूल नेतं या हिशेबाने तासाला ९० ग्रॅम पाणी वाफ होऊन हवेत जायला हवं. दोन कुत्री असली तर १८० ग्रॅम. टॉपरखालची पोकळी धरू तीन घनमीटर. ३५ अंशांना एक घनमीटर हवा फार तर ४० ग्रॅम वाफ धरू शकते. बाहेरची आर्द्रता ३० टक्के असेल तर त्यातले १२ ग्रॅम आधीच आत आहेत, उरली जागा २८ ग्रॅमची, तीन घनमीटरांत ८४ ग्रॅमची. म्हणजे पूर्ण बंद टपाखाली दोन कुत्री अर्ध्या तासाच्या आत स्वतःच्याच श्वासाने हवा ओलीचिंब करून टाकतील. ऊन अजून हिशेबात धरलेलंच नाही! एखादी गाडी झाडाच्या गडद सावलीत, सगळ्या काचा लावून उभी असते. मालकाला वाटतं, सावली आहे, काय बिघडतंय. बिघडतं ते हे.

आता ऊन घेऊ. टपाचं क्षेत्रफळ दोन मीटर गुणिले दीड, म्हणजे तीन चौरस मीटर. निरभ्र दुपारी सूर्य चौरस मीटरला सुमारे एक हजार वॅट ओततो, म्हणजे टपावर तीन हजार. काळा किंवा गडद निळा टप त्यातलं बहुतेक सगळं पिऊन टाकतो, पांढरा पाव-तृतीयांश. काही उष्णता वारा वरच्यावर घेऊन जातो, बाकीची आत उतरते आणि तापलेलं छत कुत्र्याच्या पाठीवर झळ सोडत राहतं. लोक यावर बर्फ आणतात. पाच किलो बर्फ वितळताना सुमारे १,६७० किलोज्यूल शोषतो. नुसत्या दोन कुत्र्यांच्या अंगची उष्णता घ्यायला तो जवळजवळ चार तास पुरेल. पण छतातून एकच किलोवॅट आत येत असेल, तर तोच बर्फ अर्ध्या तासात संपतो. माझं मत या आकड्यांवरून पक्कं झालं आहे: बर्फावर खर्च करण्याआधी छतावर करावा. टॉपर घ्यायचाच तर पांढरा. घेतलेला गडद असेल तर आतून चमकदार फॉइलचा फोम लावावा, आणि शक्य असेल तर टपावर बोटभर अंतर सोडून दुसरा पातळ पत्रा बसवावा. आफ्रिकेत आणि ऑस्ट्रेलियात गेलेल्या जुन्या लँड रोव्हर गाड्यांना असं दुहेरी छप्पर कंपनीकडूनच मिळायचं. ऊन वरचा पत्रा खातो, मधल्या फटीतून वारा वाहतो, खालचा पत्रा जेमतेम कोमट राहतो. विजेची गरज नाही, बिघडायला काही नाही.

उष्णता खालूनही येते, हे मात्र पुष्कळांच्या ध्यानात नसतं. इंजिनाकडून आलेला सायलेन्सरचा नळ हौद्याच्या पोटाखालून मागे जातो. हायवेवर दोन-तीन तास गाडी चालवून थांबलात की हौद्याच्या तळाच्या पत्र्यावर तळहात फिरवून पाहा. नळ कुठून गेला आहे ते न वाकता हाताला कळतं. एका पट्ट्यात पत्रा चटका देतो. आणि कुत्रं नेमकं पोट टेकून झोपतं, जिथे केस विरळ आणि कातडी पातळ. त्या पोटातून उष्णता बाहेर जायची, तर उलट आत शिरते. काळी रबरी चटई अंथरून हे सुटत नाही. जाळीच्या कापडाची, चार बोटं उंच पायांची कुत्र्यांची खाट मिळते, ती ठेवली की खालून वारा जातो आणि पोट मोकळं राहतं. खाटेखाली प्लायवुडचा तुकडा टाकला तर आणखी बरं.

मग वारा. धावत्या गाडीत वाऱ्याला काय तोटा, असं वाटतं. पण टॉपर केबिनच्या आडोशाला असतो. समोरचा वारा केबिनच्या टपावरून उडी मारून थेट मागे जातो आणि गाडीच्या पाठीमागे कमी दाबाचा एक भोवरा तयार होतो. मागची काच उघडी ठेवली तर वारा आत येतो हे खरं, पण तो या भोवऱ्यातला असतो, आणि सायलेन्सरचं तोंडही तिथेच असतं. धुरातला कार्बन मोनॉक्साइड असा आत ओढला जातो. त्याला वास नाही, रंग नाही.

ही भीती पुस्तकी नाही. सिॲटलच्या व्हर्जिनिया मेसन वैद्यकीय केंद्रातल्या डॉक्टरांनी १९९२ साली अमेरिकन मेडिकल असोसिएशनच्या नियतकालिकात एक निबंध प्रसिद्ध केला. १९८६ ते १९९१ या काळात पिकअपच्या हौद्यात बसून प्रवास करताना विषबाधा झालेली २० मुलं त्यांच्याकडे उपचारासाठी आली होती. त्यांतली १७ बंद टणक कॅनपीखाली बसलेली होती, तीन ताडपत्रीखाली. प्रत्येक गाडीत एकतर सायलेन्सर कुठेतरी गळत होता, नाहीतर त्याचं तोंड बाजूला न निघता मागे निघत होतं. एक मूल दगावलं, एकाच्या मेंदूला कायमची इजा झाली. पुढे केबिनमध्ये बसलेल्या आईवडिलांना वाटलं असेल, पोरं झोपलीत. मुलं निदान डोकं दुखतंय म्हणून सांगू शकतात. कुत्रा झोपल्यासारखा पडून राहतो.

म्हणून हवेची वाट पुढून मागे अशीच आखायची. केबिनच्या पाठच्या भिंतीत सरकती काच असते आणि टॉपरच्या पुढच्या भिंतीतही. दोन्हींच्या मधल्या फटीत रबराची भात्यासारखी घडीची चौकट बसवतात. मग केबिनमधली एसीची हवा त्या खिडकीतून मागे जाऊ शकते. नुसती खिडकी उघडून ती फारशी जात नाही. बारा व्होल्टचा छोटा पंखा खिडकीत बसवून ढकलावी लागते, किंवा डॅशबोर्डच्या झरोक्याला लवचीक नळी जोडून थेट कुत्र्याच्या खाटेपर्यंत न्यावी लागते. आणि तिला बाहेर पडायला तोंड हवं. बाजूच्या काचांची मागची टोकं दोन-दोन बोटं उघडी, किंवा टपावर मागच्या अंगाला झरोका. आत येणारी हवा जास्त आणि बाहेर जाणाऱ्या वाटा अरुंद राहिल्या की आतला दाब बाहेरच्यापेक्षा किंचित जास्त राहतो, आणि धूर आत यायचा तो उलट बाहेर ढकलला जातो. मागची काच आणि फाळका घट्ट बंद, त्यांची रबरं शाबूत. कार्बन मोनॉक्साइडचा बॅटरीवरचा गजर हौद्यात लावायला फार पैसे पडत नाहीत. तो नसेल तर टॉपरखाली कुत्रा बसवूच नये, असं मी म्हणेन.

पंख्याबद्दल एक खुलासा. पंखा हवा थंड करत नाही. बाहेरची हवा कुत्र्याच्या अंगापेक्षा थंड असेपर्यंत तो उष्णता आणि ओल काढून नेतो. हवा चाळिशीच्या वर गेली की कोरड्या अंगावरचा पंखा उलट उष्णता देतो. अंग ओलं असेल तर मात्र तोच वारा पुन्हा उपयोगी पडतो.

इथे अमेरिकेच्या नैर्ऋत्येचं एक जुनं शहाणपण आठवतं. गाड्यांना एसी येण्याआधी, १९३० ते १९५० च्या दशकांत, वाळवंट ओलांडणारे लोक पाणी भरलेल्या जाड कापडाच्या पिशव्या गाडीच्या तोंडाशी बांधत. कापडातून पाणी पाझरे, वाऱ्याने उडे, आतलं पाणी गार राही. खिडकीत बसवायचा एक नळकांड्यासारखा कूलरही तेव्हा मिळे. त्यात पाण्यात भिजणारी गादी असे, धावत्या गाडीचा वारा तिच्यातून आत येई आणि दोरी ओढून गादी पुन्हा भिजवता येई. आपल्या माठाचं आणि वाळ्याच्या पडद्याचं हेच तत्त्व, आणि नागपूरच्या खिडकीखिडकीत मे महिन्यात घरघरणाऱ्या डेझर्ट कूलरचंही. अकोल्या-नागपूरहून फिनिक्सला जाऊन राहिलेल्यांना ते समजावून सांगावं लागत नाही.

टॉपरमध्ये ते कसं वापरायचं? बारा व्होल्टचे छोटे पाण्याचे कूलर मिळतात. नाहीतर आत येणाऱ्या हवेच्या तोंडाशी ओलं कापड ताणून लावावं. ४२ अंश तापमान आणि १० टक्के आर्द्रता असेल तर ओल्या कापडातून आलेली हवा अगदी आदर्श स्थितीत २० अंशांपर्यंत उतरू शकते. व्यवहारात चोविसापर्यंत आली तरी कुत्र्याला हायसं वाटेल. पण ॲरिझोनालाही पावसाळा आहे, हवामान खातं तो १५ जून ते ३० सप्टेंबर धरतं. त्या दिवसांत ३८ अंश आणि ४० टक्के आर्द्रता असली तर तीच मर्यादा २७ वर येते, आणि बंदिस्त हौद्यात कूलरने ओतलेली जास्तीची ओल कुत्र्याच्या धापण्यालाच अडवते. मृगानंतर नागपूरचा कूलर जसा नुसता चिकचिक वाढवतो, तसंच. म्हणून कूलर लावला की बाहेरची वाट दुप्पट मोठी करायची. आणि ओला टॉवेल कुत्र्याच्या पाठीवर पांघरून ठेवायचा नाही. थोड्या वेळात तो कोमट होऊन केसांतली हवा कोंडतो. पोट, काखा, पंजे ओले करावेत आणि वारा लागू द्यावा.

आतापर्यंत धावत्या गाडीबद्दल बोललो. खरा घात होतो तो गाडी थांबल्यावर. इंजिन बंद, एसी बंद, वारा बंद. कॅलिफोर्नियात २००२ च्या सोळा निरभ्र दिवसांत केलेली मोजणी २००५ साली प्रसिद्ध झाली. बाहेर २२ ते ३६ अंश असताना बंद मोटारीतलं तापमान तासाभरात सरासरी २२ अंशांनी चढलं, आणि त्यातली ८० टक्के वाढ पहिल्या अर्ध्या तासातच झाली. काचा बोटभर खाली ठेवून जवळजवळ काही फरक पडला नाही. बाहेर २२ अंश म्हणजे महाबळेश्वरची सुखद दुपार, आत ४४! त्या मोजण्या मोटारीतल्या होत्या. टॉपरच्या काचा पूर्ण उघडता येतात ही जमेची बाजू, पण ऊन आणि पत्रा तोच. कॅलिफोर्नियात जानेवारी २०१७ पासून असा अडकलेला प्राणी जिवाच्या धोक्यात दिसला, तर दारं बंद आहेत याची खात्री करून आणि पोलिसांना कळवून, कुणाही वाटसरूला काच फोडून त्याला सोडवता येतं. काच फोडणाऱ्यावर खटला होत नाही. मला हा कायदा फार मोलाचा वाटतो.

पोलिसांच्या श्वानपथकांच्या गाड्यांत यंत्रच असतं: आतलं तापमान ठरलेल्या आकड्याच्या वर गेलं की काचा आपोआप खाली येतात, पंखा सुरू होतो, भोंगा वाजतो, आणि जवानाने कमरेचं बटण दाबलं की दार उघडतं. आपल्यासाठी निदान हौद्यात एक आणि केबिनमध्ये त्याचं वाचन दाखवणारा एक, असा बिनतारी थर्मामीटर हवा, तोही आर्द्रता दाखवणारा. मोबाइल नेटवर्कवर चालणारे जास्त हुशार असतात, पण मोहावीत आणि नेवाडात मैलोन्‌मैल नेटवर्क नसतं.

किती तापमानाला थांबायचं? अमेरिकी केंद्र सरकारच्या नियमांत, धंदा म्हणून कुत्र्यांची वाहतूक करणाऱ्यांसाठी मर्यादा आहे: २९.५ अंशांना पोचलं की पंखे किंवा एसी लागलेच पाहिजेत, आणि त्याच्या वर चार तासांहून जास्त वेळ जागेचं तापमान राहता कामा नये. घरच्या कुत्र्याला यापेक्षा कठोर नियम लावावा असं मला वाटतं. हौद्यातला आकडा तिशी ओलांडू लागला की कुत्र्याची जागा पुढे केबिनमध्ये. सामान मागे टाकावं, माणसांनी दाटीवाटीने बसावं.

वाटेची आणि वेळेची निवड कुठल्याही उपकरणापेक्षा जास्त काम करते. २०२३ च्या उन्हाळ्यात फिनिक्समध्ये सलग ३१ दिवस पारा ४३.३ अंशांना किंवा त्यावर गेला. असल्या दिवसांत वाळवंट पहाटे तीनला निघून नऊच्या आत ओलांडायचं. आणि डोंगर असेल तर डोंगर धरायचा. समुद्रसपाटीपासून जेमतेम साडेतीनशे मीटरवरच्या फिनिक्सहून आंतरराज्य महामार्ग १७ ने उत्तरेला निघालं की सव्वादोनशे-अडीचशे किलोमीटरवर २,१०० मीटर उंचीचं फ्लॅगस्टाफ येतं. हजार मीटरला साधारण साडेसहा अंश या हिशेबाने अकरा-बारा अंशांचा उतार, निवडुंग जाऊन देवदाराच्या कुळातली उंच झाडं. तीन तासांत मिळणारा हा थंडावा कुठल्याही टॉपरमध्ये बसवता येत नाही.

सगळ्या कुत्र्यांना मात्र एकच हिशेब लागू नाही. नाकाची लांबी म्हणजे थंडाव्याचं क्षेत्रफळ. आपल्या दख्खनचा कारवानी कुत्रा पाहा: लांब निमुळतं तोंड, आखूड केस, पोट आत गेलेलं, उन्हासाठीच घडलेला. उलट बुलडॉग, पग, फ्रेंच बुलडॉग यांच्या नाकातले पापुद्रे एवढ्याशा जागेत कोंबलेले. ब्रिटनमधल्या पशुवैद्यकीय नोंदींचा २०२० साली प्रसिद्ध झालेला अभ्यास सांगतो, की लॅब्रेडॉरच्या तुलनेत उष्माघाताचा धोका फ्रेंच बुलडॉगला सहापट आणि बुलडॉगला चौदापट. अशा कुत्र्यांना टॉपरखाली नेऊच नये. त्याच संशोधकांच्या दुसऱ्या एका अभ्यासात आणखी एक गोष्ट आहे: गाडीत कोंडल्यामुळे झालेले उष्माघात सुमारे पाच टक्के होते, पळण्या-खेळण्यातून झालेले ७४ टक्के. प्रवासात या दोन गोष्टी हातात हात घालून येतात. थांब्यावर मोकळं सोडायचं म्हणून मालक चेंडू फेकत बसतो, कुत्रा उन्हात वीस मिनिटं धावतो, आणि धापत असतानाच त्याला उचलून हौद्यात चढवून फाळका लावतात. स्नायूंनी नुकतीच ओतलेली उष्णता त्याच्याबरोबर आत जाते. आधी सावलीत बसवावं, थोडं-थोडं पाणी द्यावं, तोंड मिटेपर्यंत थांबावं, मग चढवावं. पेनसिल्व्हेनिया विद्यापीठातल्या कामकरी कुत्र्यांच्या केंद्राने २०२४ मध्ये प्रसिद्ध केलेल्या प्रयोगात एक साधी युक्ती सर्वांत सरस ठरली. बादलीभर पाण्याच्या तळाशी आवडीची वस्तू टाकून कुत्र्याला स्वतःहून डोकं बुडवायला शिकवायचं. मानेभोवतीच्या ओल्या टॉवेलपेक्षा आणि बर्फाच्या पिशव्यांपेक्षा याने अंगातलं तापमान लवकर उतरलं. कुत्रा शुद्धीवर आणि हुशार असेल तरच हे करायचं.

आणि इतकं करूनही एखाद्या थांब्यावर काच उचलल्यावर तो नेहमीसारखा उठून आला नाही तर? जीभ गडद लाल किंवा जांभळट, लाळ घट्ट तारेसारखी, पाय लटपटत, नजर लागत नाही, कधी उलटी: हा उष्माघात आहे. पूर्वी सांगत, गार पाणी वापरू नका, रक्तवाहिन्या आकसतील. कोमट पाण्याने पुसा आणि पटकन दवाखाना गाठा. आता ब्रिटनमधले संशोधक क्रम उलटा सांगतात: आधी थंड करा, मग न्या. कुत्र्याच्या अंगापेक्षा गार असलेलं जे पाणी हाताशी असेल ते सगळ्या अंगावर ओतायचं, केसांच्या मुळाशी पोचवायचं, जोरात वारा घालायचा. बेशुद्ध कुत्र्याच्या तोंडात पाणी घालायचं नाही, आणि डोकं पाण्याच्या वर राहील हे पाहायचं. गुदद्वारातला थर्मामीटर ३९.५ च्या आसपास आला की ओतणं थांबवायचं, नाहीतर तापमान घसरत खाली जातं. मग एसी पूर्ण सोडून, कुत्र्याला पुढे केबिनमध्ये घेऊन जवळचा पशुवैद्य गाठायचा. तो उठून शेपूट हलवू लागला तरी जायचंच. रक्त गोठण्याची यंत्रणा आणि मूत्रपिंडं यांना झालेली इजा कधीकधी दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी उघड होते, आणि ती रक्त तपासल्याशिवाय दिसत नाही.